पावसाळ्यानंतर सोसायटीचं लॉन मोव्हर सुरूच होत नाही : कार्बोरेटर बदलू की मशीनच नवीन घेऊ?

नमस्कार. तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं : खारघरमधल्या तुमच्या सोसायटीचं पेट्रोलवर चालणारं लॉन मोव्हर जूनमध्ये पंप रूममध्ये ठेवलं, दिवाळीआधी बाहेर काढलं, आणि माळीकाका दोरी ओढून दमले तरी ते एकदाही फुरफुरलं नाही. एक मेकॅनिक म्हणतो कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनात सोडणारा भाग) बदला, कमिटीतले काही जण म्हणतात नवीन मशीनच घ्या.

तूर्त दोन्ही थांबवा. मी ठाण्यात लहान इंजिनांची कामं करतो. पावसाळा संपला की बंद पडलेली अशी मशीनं माझ्याकडे येतात, आणि बहुतेकांचा आजार एकच असतो : टाकीत चार महिने पडून राहिलेलं पेट्रोल. पार्ट खराब झालेला नसतो, त्यात कचरा बसलेला असतो.

हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पंप रूमच्या भिंती पावसाळाभर ओल्या, त्यात अर्धी रिकामी टाकी. पाण्याचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी बसतं. इंजिनाला पुरवठा तळातूनच होतो, म्हणजे दोरी ओढल्यावर आत जातं ते हे पाणी. दुसरीकडे, कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे त्याच्या खालच्या छोट्या वाटीत, उरलेलं पेट्रोल हळूहळू उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. मेन जेटचं, म्हणजे पेट्रोल ज्यातून वर जातं त्या नळीचं, भोक इतकं बारीक असतं की तेवढ्याने ते बुजतं. अशा बऱ्याच इंजिनांच्या पुस्तिकेत 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं स्पष्ट लिहिलेलं असतं. आपल्याला पंपावर पर्याय फारसा नाही, पण ते पेट्रोल मशीनमध्ये साठवायचं की नाही हे आपल्या हातात आहे.

आता काय करायचं. सगळ्यात आधी स्पार्क प्लगची कॅप काढून बाजूला करा, आणि पात्याजवळ हात जाईल असं कुठलंही काम ती कॅप काढल्याशिवाय कोणालाही करू देऊ नका. पातं हाताने फिरवलं तरी इंजिन फिरतं, आणि आत थोडं पेट्रोल असेल तर ते अचानक पेट घेऊ शकतं. माळीकाकांनाही हे नीट समजावून सांगा. धोका त्यांच्या बोटांना आहे, कमिटीच्या नाही.

मग प्लग खोलून बघा. दहा-बारा वेळा दोरी ओढल्यानंतरही तो कोरडा असेल, तर पेट्रोल वरपर्यंत येतच नाहीये. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा असेल, तर पेट्रोल येतंय पण पेटत नाहीये, किंवा चोक (सुरू करताना हवा कमी करणारी झडप) जास्त वेळ ओढून ठेवल्यामुळे ओव्हर झालंय, म्हणजे आत जास्त पेट्रोल गेलंय. ओव्हर झालं असेल तर प्लग पुसा, चोक उघडा, प्लग बाहेर ठेवूनच चार-सहा वेळा दोरी ओढा म्हणजे आतलं जास्तीचं पेट्रोल निघून जाईल.

प्लग कोरडा असेल तर एक साधी तपासणी करा, निम्मा निकाल इथेच लागतो. प्लगच्या भोकातून चहाचा पाव चमचा ताजं पेट्रोल आत सोडा, प्लग घट्ट बसवा, कॅप लावा, पेट्रोलची बाटली लांब नेऊन ठेवा आणि दोरी ओढा. दोन-चार सेकंद चालून बंद पडलं तर समजा की प्लगचा करंट (ठिणगी) ठीक आहे, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) ठीक आहे, दोष फक्त पेट्रोलच्या वाटेवर आहे. मग कार्बोरेटर बदलायचा नाही, साफ करायचा.

साफ करताना टाकी पूर्ण रिकामी करा. काचेच्या बरणीत घेतलंत तर तळाशी वेगळा झालेला थर डोळ्यांनी दिसेल. कमिटीला पटवायला तो पुरावा पुरेसा आहे. हे पेट्रोल गटारात ओतू नका. ओळखीच्या गॅरेजमध्ये विचारा, पार्ट धुवायला ते कामी येतं. मग पेट्रोलचा कॉक बंद करून फ्लोट चेंबर खोला. बहुतेक मशीनांत तो खालच्या एका बोल्टवर बसलेला असतो. आत पांढरट पूड किंवा चिकटा दिसेल. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारा, जेटमधून उजेड आरपार दिसला पाहिजे. भोक मोकळं करायला वायरमधली तांब्याची एकच बारीक तार वापरा. सुई किंवा टाचणी घातली की भोक मोठं होतं, आणि मग मशीन कायम काळा धूर सोडतं. चेंबरचा रबरी रिंग-गॅस्केट फुगला असेल तर तेवढाच बदला.

त्या पाव चमचा पेट्रोलनेही हूं की चूं केलं नाही, तर करंट बघा. इथे नव्या मुंबईत एक गोष्ट हमखास राहून जाते. हँडलवरचा जो दांडा दाबून धरावा लागतो, तो सोडला की इंजिन बंद होतं, ही सुरक्षेची सोय आहे. खाडीकडच्या खाऱ्या दमट हवेने त्याची केबल गंजते किंवा सैल पडते. वरून दांडा दाबलेला दिसतो, पण खाली स्विच बंदच राहतो. केबल खालच्या टोकाला हलते का ते आधी बघा. ती ठीक असेल तर प्लग बदला, गॅप (प्लगच्या टोकांमधलं अंतर) पुस्तिकेप्रमाणे ठेवा. अशा बऱ्याच इंजिनांना 0.7 ते 0.8 मिमी लागतो. यानंतरही करंट नसेल तर दोष कॉइलचा, म्हणजे प्लगला करंट देणाऱ्या भागाचा. ते काम मात्र मेकॅनिकचं.

एअर फिल्टर काढून बघालच. तो तेलाने भिजलेला निघाला तर कोणीतरी पातं धुवायला मशीन चुकीच्या अंगावर आडवं केलंय. आडवं करताना एअर फिल्टरची बाजू वरच हवी. आणि दोरी उलटा हिसका मारत असेल, तर पातं दगडावर किंवा स्प्रिंकलरवर आपटलं होतं का ते माळीकाकांना शांतपणे विचारा. तसं झालं असेल तर फ्लायव्हीलची चावी (इंजिनाचं जड चाक जागेवर धरणारी छोटी पट्टी) तुटून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, हललेलं असू शकतं. रागावून विचारलंत तर खरं उत्तर मिळणार नाही, आणि मशीनची खरी माहिती त्यांनाच असते.

सोसायटीत ब्रश कटरही असेल तर दोघांचे डबे वेगळे ठेवा. टू-स्ट्रोक ब्रश कटरला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून लागतं, तर फोर-स्ट्रोक लॉन मोव्हरला साधं पेट्रोल आणि इंजिनात वेगळं ऑइल. साधं पेट्रोल ब्रश कटरमध्ये गेलं तर पिस्टन जॅम होतो आणि मोठा खर्च बसतो.

साठवणीबद्दल कायदाही लक्षात असू द्या. पेट्रोलियम अ‍ॅक्ट, 1934 नुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल 30 लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येतं, पण घट्ट झाकणाच्या धातूच्या, काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात. काचेचं किंवा मातीचं भांडं एका लिटरपेक्षा मोठं नको. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या पंप रूममधून आजच काढा, तिथे मोटरचे स्टार्टर असतात.

पुढच्या मे अखेरीस मशीन ठेवताना टाकी रिकामी करा, कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे चेंबरही कोरडा होईल. आत्तापुरतं, प्लग ओला निघाला की कोरडा, आणि पाव चमचा पेट्रोलवर मशीन काय बोललं, एवढं इथे लिहा. पुढचं त्यावरून सांगतो.