शेतीचं शिक्षण नसताना मास्टर गार्डनरचं ट्रेनिंग जमेल का?

तुम्ही विचारलंय की ओहायोत नवीन आहे, शिक्षण कॉमर्सचं, कम्युनिटी गार्डनमध्ये प्लॉट घेतलाय, तर मास्टर गार्डनर व्हॉलंटियरचं (म्हणजे युनिव्हर्सिटीकडून बागकाम शिकून लोकांच्या बागेच्या शंकांना फुकट उत्तरं देणाऱ्यांचं) ट्रेनिंग झेपेल का आणि त्यात नक्की काय शिकवतात.

झेपेल हो, नक्की झेपेल. माझं शिक्षण इतिहासाचं, आमच्या बॅचला एक रिटायर्ड ट्रक ड्रायव्हर होते, एक नर्स होती, शेतीची डिग्री एकाचीही नव्हती. मुळात ही योजनाच तशी आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टन राज्यात सिऍटल-टाकोमाकडे घरच्या बागेबद्दल लोकांचे इतके फोन यायला लागले की युनिव्हर्सिटीच्या एक्स्टेंशनच्या (शेती-बागेची माहिती लोकांपर्यंत पोचवणाऱ्या विभागाच्या) माणसांना पुरे पडेना, मग त्यांनी साध्या बागकाम करणाऱ्यांनाच शिकवून उत्तरं द्यायला बसवलं. १९७३ पासून ते सुरू आहे.

आपल्याकडे ओहायो स्टेट युनिव्हर्सिटी एक्स्टेंशन हे चालवतं. साधारण ५० तास शिकायचं आणि मग ५० तास फुकट सेवा द्यायची. माती, खत, कीड, रोग, फळझाडं, लॉन, सगळं येतं. बॅकग्राउंड चेक होतो, त्याला घाबरू नका.

पण मला खरं काय मिळालं ते सांगते. आमचं घर कोकणातलं, आजी चुलीतली राख प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी टाकायची आणि झाडं मस्त यायची, म्हणून मी इथे पण फायरप्लेसची राख जपून ठेवायचे आणि ब्लूबेरीला घालायचे. दोन वर्षं पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, मी आणखी राख घालतेय. मातीच्या क्लासला कळलं की कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी, तिथे राखेने आम्ल कमी होतं म्हणून आजीचं बरोबरच होतं. आमच्या इथली चुनखडीवरची चिकण माती आधीच अल्कधर्मी आणि ब्लूबेरीला पीएच (माती किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) लागतो साडेचार ते साडेपाचच्या आसपास, त्यामुळे मातीत लोह असून झाडाला घेता येत नव्हतं. माती तपासली तर ७.६ निघाला. त्या दिवशी मला आजीची फार आठवण आली, कारण ती तिच्या मातीला ओळखत होती आणि मी माझ्या मातीला विचारलंच नव्हतं. आता ब्लूबेरी मोठ्या कुंडीत आहे, पीट मॉस आणि पाइनच्या सालीत.

लोकांच्या बागेच्या प्रश्नांच्या हेल्पलाइनवर बसलात की हेच कामाला येतं. टोमॅटोचं बूड काळं पडलं म्हणून कोणी फोन केला की लगेच अंड्याची टरफलं घाला म्हणायचं नाही, आधी विचारायचं पाणी कधी आणि किती देता, कारण बहुतेक वेळा कॅल्शियम मातीत असतं पण पाणी कधी भरपूर कधी अजिबात नाही असं झालं की ते फळापर्यंत पोचत नाही. आणि माहीत नसेल तर "शोधून कळवते" म्हणायचं, ते सुरुवातीला मला जाम जड गेलं.

एक मात्र बघा, मास्टर गार्डनर हे नाव लावून धंदा करता येत नाही, तो विचार असेल तर हे नको. ट्रेनिंग प्रत्येक कौंटीत दरवर्षी असतंच असं नाही, त्यामुळे तुमच्या कौंटीच्या एक्स्टेंशन ऑफिसला आत्ताच फोन करून ठेवा, आणि त्याच फोनवर तुमच्या प्लॉटची माती तपासायला कुठे पाठवायची तेही विचारून घ्या.