वाचकांचे प्रश्न : डब्यात टिपलेला सूर्य

प्रश्न : पेयाच्या रिकाम्या कॅनमध्ये आठ वर्षांचा सूर्यप्रवास टिपणारे इंग्लंडमधील छायाचित्र खरे आहे का? ते पाहून मी हिवाळ्यात गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून असाच पिनहोल कॅमेरा (भिंगाऐवजी सुईएवढे छिद्र असलेला बंद डबा) लावला. कागदाच्या दोन्ही बाजूंना रेषा उमटल्या, पण मधली कमान गायब आहे. असे का झाले? (एक वाचक, पुणे)

उत्तर : छायाचित्र अगदी खरे आहे. रेजिना व्हाल्केनबोर्ग या कलाशाखेच्या विद्यार्थिनीने 2012 मध्ये हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या बेफर्डबरी वेधशाळेत, आत फोटो पेपर (उजेड पडताच काळवंडणारा छायाचित्रणाचा कागद) गुंडाळलेला कॅन लावला आणि तो 2020 मध्ये उतरवला गेला, तेव्हा त्या एकाच कागदावर सूर्याच्या 2,953 कमानी, म्हणजे त्याच्या रोजच्या प्रवासाच्या रेषा, सापडल्या. इतका काळ तो तिथे ठेवण्याचा तिचा मुळात बेतही नव्हता. त्याआधीचे तिचे काही प्रयत्न दमटपणामुळे कागद खराब होऊन वाया गेले होते, हे आपल्या पावसाळ्याच्या संदर्भात विशेष लक्षात घ्यावे.

आता आपल्या कमानीविषयी. बेफर्डबरीला माध्यान्हीचा सूर्य डिसेंबरात क्षितिजापासून जेमतेम 15 अंश वर असतो, तर पुण्यात तो त्याच दिवशी सुमारे 48 अंशांवर असतो. नेहमीचा 330 मिलिलिटरचा कॅन सुमारे 6.6 सेंटिमीटर रुंद आणि 11.5 सेंटिमीटर उंच असतो. तो सरळ उभा ठेवून मधोमध छिद्र पाडले, तर समोरच्या 40 अंशांपेक्षा वर असलेल्या सूर्याचा किरण कागदावर न पडता डब्याच्या तळावर पडतो. सकाळ-संध्याकाळचा सूर्य बाजूला आणि खाली असल्यामुळे त्याच्या रेषा उमटल्या, दुपारचा सूर्य तेवढा निसटला. आपली कृती बरोबर होती, दिशा मात्र परदेशातली होती. मेच्या मध्यानंतर तर पुण्यात भर दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडेच सरकतो.

डबा 40-45 अंश मागे कलवून बांधणे हा एक उपाय आहे. मला मात्र त्याहून मोलाचा वाटतो तो डबा पूर्वेकडे तोंड करून लावण्याचा. आपल्याकडे सूर्य जवळजवळ उभा चढतो आणि त्याची उगवण्याची जागा डिसेंबर ते जून या काळात क्षितिजावर सुमारे 50 अंश सरकते, त्यामुळे कमानींऐवजी शेजारीशेजारी चढत गेलेल्या तिरक्या रेषांचा पट्टा मिळतो. युरोपातल्या छायाचित्रांची ती नक्कल नव्हे, ते आपल्या अक्षांशाचे चित्र असते. 22 डिसेंबरच्या सुमारास डबा लावून जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस येण्याआधी, काढावा. सूर्याचा जवळपास सगळा फेरा कोरड्या महिन्यांतच पदरात पडतो.

छिद्र शिवणाच्या सुईच्या टोकाने, 0.3 ते 0.4 मिलिमीटरचे पाडावे आणि त्याच्या कडा बारीक पॉलिश पेपरने घासून घ्याव्यात. डबा गॅलरीच्या ग्रिलला केबल टायने असा घट्ट आवळावा, की वाऱ्याने तसूभरही हलणार नाही. त्यावर नाव आणि 'छायाचित्र प्रकल्प' असे ठळक लिहावे. 2016 मध्ये अटलांटा शहरात विद्यार्थ्यांनी पुलाला लावलेला असाच डबा स्फोटक समजून पोलिसांनी वाहतूक थांबवून नष्ट केला होता.

प्रश्न : असा कागद स्टुडिओत देऊन डेव्हलप करून घ्यावा का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मुळीच नाही. महिनोन्‌महिन्यांच्या उन्हाने कागदावरच्या चांदीच्या क्षारांचे थेट चांदीत रूपांतर होऊन प्रतिमा आधीच उमटलेली असते, आणि डेव्हलपर या रसायनात टाकताच संपूर्ण कागद काळा पडतो. ब्लॅक-अँड-व्हाइट कागदावर दिसणारे तांबूस, पिवळसर रंग हे चांदीच्या कणांच्या कमीअधिक आकारामुळे दिसतात, ते दृश्याचे खरे रंग नसतात. कागद मंद उजेडात बाहेर काढून, प्रीव्ह्यू न घेता, मोठ्या रिझोल्यूशनवर एकदाच स्कॅन करावा, कारण स्कॅनरचा उजेडही त्यावर उमटतो. मग संगणकावर निगेटिव्हचे पॉझिटिव्ह करावे आणि मूळ कागद काळ्या पाकिटात ठेवून द्यावा.