एलसीएचा आकडा संशयास्पद कमी आलाय? आधी रिटर्नचा हिशोब मागा

एलसीए म्हणजे वस्तू बनण्यापासून संपेपर्यंत पर्यावरणावर पडणाऱ्या भाराचा हिशोब. तो करणाऱ्या एजन्सीच्या अहवालात कास्टिंगचा (ओतीव भागाचा) कार्बन आकडा फारच कमी आलाय, ग्राहक भंगाराच्या टक्केवारीवर अडून बसलाय आणि एजन्सी म्हणते "मॉडेल बरोबर आहे". तुमच्या पोस्टमधली ही तिन्ही वाक्यं मला पाठ आहेत. आम्ही यातूनच गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो. मी काही अधिकृत पडताळणी करणारा नाही. माझा अनुभव बिडाचा आणि इंडक्शन (विजेवरच्या) भट्टीचा आहे, ॲल्युमिनियमवाल्यांनी आकडे तसेच उचलू नयेत.

एलसीएची मानकं आयएसओ १४०४० आणि १४०४४, व्याप्ती, इन्व्हेंटरी (काय आत आलं, काय बाहेर गेलं याची यादी) वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडतो. थेट रिटर्नकडे, म्हणजे ओतल्यावर पुन्हा भट्टीत जाणाऱ्या आपल्याच धातूकडे येतो, कारण माझ्या मते निम्मे अहवाल तिथेच फसतात.

समजा भट्टीत १००० किलो चार्ज (वितळवायचा माल) टाकला. ६०० किलो चांगलं कास्टिंग गेलं. रनर, रायझर (साच्यात धातू पोचवणाऱ्या वाटांमधला आणि जादा भरलेला धातू) आणि रिजेक्शन मिळून ३६० किलो परत आलं. उरलेलं ४० किलो स्लॅग (वितळताना वर येणारी मळी), धूळ आणि सांडलवंडीत गेलं. ३६० किलो आपलंच, आपल्याच यार्डातलं, तेव्हा बाहेरून घ्यावा लागणारा माल फक्त ६४० किलो. आता भट्टी वितळवलेल्या टनामागे ६०० युनिट वीज खात असेल, तर चांगल्या कास्टिंगच्या टनामागे ती १००० युनिट होतात. कारण रिटर्न वितळवायलाही तेवढीच वीज लागते आणि ते विकलं जात नाही. आमच्या एजन्सीने वर्षाच्या विजेला भागलं ते हीट लॉगमधल्या (प्रत्येक वितळवणीच्या नोंदवहीतल्या) टनांनी, डिस्पॅचच्या टनांनी नाही. अहवालात ६०० आले आणि वाचणारा प्रत्येक जण खूश झाला.

घोळ तिथेच थांबला असता तरी चाललं असतं. त्या ६४० किलोत ४०० किलो बाजारातलं भंगार, २२० पिग आयर्न (खनिजापासून काढलेलं कच्चं लोखंड) आणि २० फेरोअलॉय (सिलिकॉनसारखे घटक मिसळायची मिश्रधातू) होतं असं धरा. पुनर्वापरित धातू ४०० भागिले ६४०, म्हणजे ६२.५ टक्के. एजन्सीने रिटर्नही भंगारात धरले: ७६० भागिले १०००, म्हणजे ७६ टक्के. पर्यावरणविषयक दाव्यांचं मानक आयएसओ १४०२१ स्पष्ट सांगतं की ज्या प्रक्रियेत तुकडे निघाले त्याच प्रक्रियेत ते परत गेले, तर ते पुनर्वापरित माल म्हणून मोजायचे नाहीत. हे आम्ही दाखवलं. उत्तर एकच: "सॉफ्टवेअरमध्ये असंच असतं, मॉडेल लॉक झालंय." मॉडेल पुन्हा उघडायचं तर नव्याने फी. ग्राहकाच्या तपासनीसाने हीट लॉग आणि डिस्पॅच रजिस्टर शेजारी शेजारी ठेवायला सांगितलं आणि एका बैठकीत सगळा अहवाल कोसळला. काम दुसऱ्या फाउंड्रीला गेलं. आमची वीज, आमचा माल, आमची माणसं सगळं होतं तसंच होतं, पण खोटा आकडा दिल्याचा डाग आमच्या नावावर आला. याचा राग मला अजून आहे आणि तो लपवायचं कारणही दिसत नाही.

म्हणून तुम्ही आजच एजन्सीकडे एका पानाचा धातूचा ताळेबंद मागा. खरेदीचं काट्यावरचं वजन, वर्षाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा साठा (यार्डात पडलेल्या रिटर्नच्या ढिगासकट), डिस्पॅच, आणि वितळताना गेलेली घट. आत आलेलं आणि बाहेर गेलेलं जुळत नसेल तर पुढचा एकही आलेख बघू नका. आणि एकक लिहून घ्या: ग्राहकाने स्वीकारलेलं, फेटलिंग (जादा धातू काढून साफसफाई) झालेलं १ किलो कास्टिंग. मशीनिंग धरलंय की नाही तेही लिहा. एरवी दोन पुरवठादारांची तुलना करायला बसणारा ग्राहकच चुकतो.

भंगाराचं श्रेय कसं घ्यायचं, हे ग्राहकाला आधीच विचारा. एक तर भंगार ओझ्याविना (आधीच्या निर्मितीचा कार्बन न धरता) आत येतं आणि आयुष्य संपल्यावर पुढच्याला ओझ्याविनाच जातं, किंवा शेवटी पुनर्वापर होईल म्हणून श्रेय मिळतं. दोन्ही एकदम घेणं म्हणजे एकच बिल दोनदा वसूल करणं. तसं मागणारे लोक भेटतात, त्यांना ठाम नाही म्हणा.

फेरोअलॉय "एक टक्क्याहून कमी" म्हणून वगळू देऊ नका. वजनाने थोडं असलं तरी ७५ टक्क्यांचं फेरोसिलिकॉन बनवायला टनामागे साधारण ८ ते ९ हजार युनिट लागतात. एसजी आयर्न (चिवट बीड) करत असाल तर नोड्युलायझरमधलं (बिडातला ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात आणणाऱ्या मिश्रधातूतलं) मॅग्नेशियमही पाहा, कोळशावरच्या पिजन नावाच्या प्रक्रियेने काढलेलं असेल तर ते फार जड पडतं. १४०४४ मध्ये वगळण्याचा निकष फक्त वजन नाही, ऊर्जा आणि पर्यावरणीय महत्त्वही आहे.

वाळूचं थोडक्यात: फिरती वाळू आणि नवी वाळू वेगळी मोजा. कार्बनच्या आकड्यात वाळू बिचारी छोटी दिसते, पण ओतताना वाळूतल्या कोळशाच्या भुकटीतून निघणारं बेंझीन, रेझिनचा धूर आणि नॉकआउटची (साचा फोडून कास्टिंग काढतानाची) सिलिका धूळ त्या आकड्यात येतच नाही. अहवाल फक्त कार्बनचा असेल तर त्याला एलसीए म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना ते पटत नाही त्यांनी एक पाळी नॉकआउटपाशी उभं राहून बघावं.

भट्टीला वेगळा मीटर नसेल तर तो आधी बसवा. एका मुख्य मीटरवर भट्टी, कॉम्प्रेसर आणि शॉट ब्लास्टिंग (छर्रे मारून सफाई करणारं यंत्र) सगळं असेल तर एजन्सी अंदाजाने वाटणी करते आणि मग यील्ड (चार्जमधून मिळणाऱ्या चांगल्या कास्टिंगचं प्रमाण) सुधारूनही पुढच्या वर्षी फरक दिसत नाही. मीटर लागेपर्यंत प्रत्येक हीटला सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग वहीत लिहायला लावा, कंट्रोल पॅनलवर बहुतेक वेळा ते दिसतं.