वडिलांचा व्यवसाय ‘शेतमजूर’ असंच लिही

बेटा, तुझं पत्र मिळालं. चोपडा तालुक्यातलं गाव, पप्पा केळीच्या कापणीला आणि गाडी भरायला जातात, तू जळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. कॅम्पस मुलाखतीत ‘वडील काय करतात?’ असं विचारल्यावर तू ‘बिझनेस’ म्हणालीस. निवड झाली, आणि आता पुण्याच्या कंपनीच्या फॉर्ममध्ये तोच रकाना पुन्हा समोर आलाय.

‘शेतमजूर’ लिही. मुलाखतीतल्या त्या एका शब्दासाठी एचआरला फोन करून खुलासे देत बसू नकोस. तुला घेतलंय ते तुझ्या परीक्षेवर आणि तांत्रिक फेरीवर. पण लेखी कागदावर खोटं नको. शर्टावरचे केळीच्या चिकाचे काळे डाग निघत नाहीत म्हणून पप्पा कॉलेजात यायचं टाळतात, हे वाचून मला फार वाईट वाटलं. वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावरून गाडीपर्यंत न्यायचा आणि फळाला ओरखडा येऊ द्यायचा नाही, हे कसबाचं काम आहे.

तुझी भीती मात्र खोटी नाही. आपल्याकडे मुलाखतीत हा प्रश्न बहुतेक वेळा समोरच्याची पायरी जोखायला विचारतात. ब्रिटनमध्ये काही मोठ्या कंपन्या तो उलट्या कारणासाठी विचारतात : तू 14 वर्षांची असताना घरात सर्वांत जास्त कमावणारी व्यक्ती काय काम करत होती? उत्तरं एकत्र करून कंपनी स्वतःलाच तपासते, की कामगारांची मुलं आपल्याकडे किती आणि वरच्या पदांवर किती. केपीएमजी या हिशेबतपासणी आणि सल्लागार कंपनीच्या ब्रिटनमधल्या शाखेने 2021 मध्ये जाहीर केलं, की 2030 पर्यंत भागीदार आणि संचालकांपैकी 29 टक्के कामगार घरांतून आलेले असतील. तिथल्या 2010 च्या समानता कायद्यात ज्या कारणांवरून भेदभाव करायला मनाई आहे, त्यांतही सामाजिक वर्ग नाही, तरी हे सुरू झालं. आपल्या कंपन्यांच्या समावेशनाच्या धोरणात स्त्रिया असतात, दिव्यांग असतात, ते हवंच. पण मजुराच्या घरातून आलेली मुलगी तिथे क्वचितच सापडते.

तुझी खरी अडचण पहिल्या महिन्यात येईल, आणि त्याबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस. पीजीचं डिपॉझिट, आगाऊ भाडं, मेस, बसचा पास, हे सगळं पगाराच्या आधी. बऱ्याच कंपन्यांत पगाराचा हिशेब महिन्याच्या विसाव्या-पंचविसाव्या तारखेला बंद होतो. त्यानंतर रुजू झालीस तर पैसे थेट पुढच्या महिन्यात. घरून पाठबळ असलेल्यांना हे जाणवतही नाही. पप्पांना मात्र मुकादमाकडून उचल घ्यावी लागेल. ती टाळायची. एचआरला सरळ ईमेल कर : पहिला पगार कोणत्या तारखेला? सुरुवातीच्या दिवसांत राहण्याची सोय किंवा प्रवासभत्ता आहे का? पगारातून वळती होणारी आगाऊ रक्कम मिळते का? हे विचारणं म्हणजे हात पसरणं नव्हे. नोकरीसाठी कुणी पैसे मागितले किंवा मूळ मार्कशीट ठेवून घ्यायची म्हटली, तर देऊ नकोस, आधी मला कळव.

आणि अहिराणी वळणाच्या बोलण्याची लाज सोड. मीटिंगमध्ये सावकाश, पूर्ण वाक्यं बोल, तेवढं पुरे. आठवड्याच्या पार्टीची वर्गणी झेपत नसेल तर पहिल्याच वेळी ‘मी डबा आणते’ म्हणून मोकळी हो.

ईमेल याच आठवड्यात जाऊ दे. उत्तर येईपर्यंत पीजीवाल्याला एक रुपयाही देऊ नकोस.