जमिनीच्या सर्व्हेच्या फील्ड टीमसाठी माणसं घेताना वेग बघावा की अचूकता?

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे दोन टीम आहेत. एक दिवसाला सातशे-आठशे पॉइंट (मोजून नोंदलेल्या जागा) घेऊन येते, पण महिन्यातून एखादं काम तिला परत करावं लागतं. दुसरी निम्मेच पॉइंट घेते. तिचं काम परत येत नाही, पण क्लायंटचा रोज फोन असतो. आता तिसरी टीम भरायची आहे आणि कशा प्रकारची माणसं शोधावीत हे ठरत नाहीये.

मी १७ वर्षं या कामात आहे. त्यातली शेवटची आठ माणसं निवडण्यात आणि त्यांचं काम तपासण्यात गेली. माझं मत विचाराल तर एवढंच बघा: आकडा जुळला नाही की हा माणूस काय करतो? हाताला वेग सहा-आठ महिन्यांत येतो, तो शिकवता येतो. न जुळलेला आकडा तसाच पुढे ढकलायची सवय मात्र मला आजवर कुणाची मोडता आलेली नाही.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका शेडच्या कॉलमचं लेआउट होतं, म्हणजे कॉलमच्या जागा जमिनीवर आखून द्यायच्या होत्या. मी नुकताच घेतलेला एक मुलगा फार चपळ होता. टोटल स्टेशन, म्हणजे कोन-अंतर मोजणारं मशीन, लावून ते खुणेच्या बरोबर वर आणायला (सेंटरिंग) त्याला दोन मिनिटं पुरायची आणि मला त्याचं भारी कौतुक होतं. त्या दिवशी टीमने प्रिझम (पोलवरचा, मशीनचा किरण परत पाठवणारा) बदलला होता, पण मशीनमध्ये कॉन्स्टंट, म्हणजे प्रिझमप्रमाणे अंतरात करायची दुरुस्ती, जुन्याच प्रिझमचा होता. बॅकसाइट (दिशा पक्की करायला आधीच माहीत असलेल्या पॉइंटचं रीडिंग) घेतल्यावर स्क्रीनवर अंतरात ३० मिमीचा फरक दिसला. त्याने ओके दाबलं आणि पुढे गेला. दोन दिवसांचं काम एका दिवसात संपलं. दुसऱ्या बाजूचं लेआउट त्याने समोरच्या स्टेशनवरून, म्हणजे मशीन समोरच्या बाजूला लावून, केलं. प्रिझमची चूक प्रत्येक खुंट मशीनच्या दिशेने ३० मिमी ओढत होती, म्हणजे दोन्ही बाजूंचे कॉलम एकमेकांपासून ६० मिमीने चुकले. काँक्रीट पडल्यावर हे कळलं. कॉलम पायाला बांधणाऱ्या अँकर बोल्टला मुभा असते ती काही मिलिमीटरचीच. बोल्ट कापून, नवी भोकं पाडून, केमिकलने नवे बोल्ट बसवण्यात तीन आठवडे गेले. मी त्याला विचारलं, फरक दिसला होता का? तो म्हणाला, "दिसला होता, पण सगळ्या पॉइंटला सारखाच येत होता, म्हणून वाटलं चालेल." त्याला घेतला होता मी, आणि घेताना बघितला होता फक्त त्याच्या हाताचा वेग.

आता वेगाबद्दल. फील्डवरचा वेळ रीडिंग घेण्यात जातच नाही, रीडिंगला काही सेकंद लागतात. वेळ जातो चालण्यात, झाडं-भिंती आडव्या आल्यावर मशीन हलवण्यात, विसरलेली बॅटरी आणण्यात, ऑफिसला फोन करून कंट्रोल पॉइंटचे (ज्यांवर सगळी मोजणी बेतते त्या पक्क्या पॉइंटचे) कोऑर्डिनेट मागण्यात. ज्याने आदल्या संध्याकाळी नकाशा बघून स्टेशनच्या जागा ठरवल्या, पॉइंट कोड (कुठला पॉइंट कशाचा त्याची खूण) आधीच लावून ठेवले, तो दिवसाला दोन तास सहज वाचवतो. बॅकसाइट पुन्हा न तपासणारा वाचवतो तीन मिनिटं. म्हणून उमेदवार "मी फास्ट आहे" म्हणाला की मी त्याला आदल्या संध्याकाळबद्दल विचारतो. कामाच्या आधी काय काय करतोस, एकेक सांग. खरोखर वेगवान माणसाकडे सांगायला पुष्कळ असतं.

आणि सावकाश म्हणजे अचूक, असंही धरून चालू नका. अँटेनाची उंची चुकीची भरून दिवसभर शांतपणे, काळजीपूर्वक आरटीके (उपग्रहांच्या मदतीने जागेवरच मोजणी) करणारी माणसं मी पाहिली आहेत. सगळे पॉइंट एकाच आकड्याने वर किंवा खाली. शिवाय प्रत्येक पॉइंटला सारखीच मेहनत लागत नाही. शेताच्या बांधाची कडा पाच सेंटिमीटर इकडेतिकडे झाली तर कंटूरला (उंचीच्या रेषांना) काही होत नाही, तिथे पोल टेकवावा आणि पुढे जावं. कंट्रोल पॉइंटला मात्र फेस लेफ्ट, फेस राइट (दुर्बीण उलटवून दोन्ही बाजूंनी रीडिंग) दोन्ही घ्यायलाच हवेत, कारण मशीनची कॉलिमेशनची (दुर्बिणीची रेषा किंचित तिरकी असण्याची) चूक त्या दोघांच्या सरासरीत निघून जाते. तुमची दुसरी टीम बांधाच्या कडेलाही कंट्रोल पॉइंटइतकाच वेळ देत असेल, तर क्लायंटच्या फोनचं कारण तेच असू शकतं.

घाई कुठे चालत नाही हे माणसाला आकड्यांत कळलंय का, तेही तपासा. माझा नेहमीचा प्रश्न असा: बॅकसाइट २० मीटरवर आहे आणि तिथला प्रिझम २ मिमी बाजूला लागला, तर २०० मीटरवरच्या पॉइंटचं काय होईल? चूक दहापट होते, तो पॉइंट २० मिमी सरकतो. कोनात ती साधारण २० सेकंदांची चूक आहे (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक सेकंद). मशीन पाच सेकंद अचूकतेचं असो की एका सेकंदाच्या, त्याने काही फरक पडत नाही. ज्याला हे न लिहिता सांगता येतं, तो आपणहून लांबची बॅकसाइट निवडतो, त्याच्या मागे उभं राहावं लागत नाही.

मुलाखतीवर मात्र सोपवू नका. अर्धा दिवस काढून मैदानावर चाचणी घ्या. मी चार खिळे मारून ठेवतो आणि चारही कोऑर्डिनेट देतो. त्यातल्या एकात ८ सेंटिमीटरची चूक मुद्दाम घातलेली असते. प्रिझम पोलचा बबलही (पोल सरळ आहे का ते दाखवणारा) थोडा बिघडवलेला असतो. मग सांगतो: ६० पॉइंट, दीड तास. वेळ जरा कमीच देतो, कारण ताणाखाली माणूस काय सोडून देतो तेच बघायचं असतं.

गेल्या खेपेला एक मुलगी आली होती. पहिल्या खिळ्यावर मशीन लावून तिने दुसऱ्यावर बॅकसाइट घेतली. अंतर जुळेना. हेल्परला थांबायला सांगून ती पोलपाशी गेली, आधी प्रिझम कॉन्स्टंट बघितला, मग पोल बायपॉडमध्ये (दोन पायांच्या आधारात) उभा करून १८० अंशात फिरवला. बबल बाहेर गेला, तो तिने खिशातल्या पिनने जागेवरच नीट केला. तरी आकडा जुळेना, तेव्हा तिसऱ्या आणि चौथ्या खिळ्याला रीडिंग घेतलं. दोन्ही ४ मिमीच्या आत बसले. फील्ड बुकात तिने लिहिलं, "क्र. २ जुळत नाही, ८ सेंमी फरक, वापरला नाही." वेळ संपली तेव्हा तिचे ४१ पॉइंट झाले होते. त्याच दिवशी दुसऱ्या एकाने साठच्या साठ पॉइंट पाच मिनिटं राखून दिले आणि एक अक्षर बोलला नाही.

तिला घेणं सोपं होतं, खरा विचार त्या दुसऱ्याचा करावा लागतो. फरक त्याला दिसलाच नसेल, तर मी त्याला नाकारत नाही. नजर तयार करता येते. पण दिसला होता आणि वेळ कमी म्हणून गप्प राहिलो, असं उत्तर आलं की मी तिथेच थांबतो. एक जोडप्रश्नही विचारत चला: तुझ्या हातून झालेली शेवटची चूक कोणती आणि ती कुणी पकडली? ज्याची चूक कधीच झाली नाही, त्याने काम तपासलेलं नाही.

एकेकटा माणूस बघण्यापेक्षा जोडी बघा. मशीनवर कोण आहे यापेक्षा पोल कुणाच्या हातात आहे यावर टीमचा वेग जास्त ठरतो. पुढचा पॉइंट कुठे, कुठून दिसेल, कुठला पॉइंट घ्यायची गरजच नाही, हे पोलवाल्याला कळलं पाहिजे. आणि त्याला तोंड हवं. "थांबा, माझा पोल सरळ नव्हता, परत घ्या" हे वयाने मोठ्या टीम लीडरला सांगायची हिंमत नसेल, तर कितीही चांगलं मशीन द्या, चूक घरी येणारच. चाचणीत मी हेल्पर म्हणून आमचाच माणूस देतो आणि त्याला मध्येच हे वाक्य म्हणायला सांगतो. समोरचा वैतागतो की निमूट परत घेतो, ते दुरूनही कळतं.

घेतल्यानंतर पॉइंटवर पैसे किंवा बक्षीस लावू नका. पॉइंट मोजले की पॉइंट वाढतात, बाकी काही वाढत नाही. मी काम सुरू झाल्यापासून ड्रॉइंग मंजूर होईपर्यंतचे दिवस मोजतो, परतीच्या फेऱ्या धरून. पहिले तीन महिने नव्या टीमचे शंभरातले पाच पॉइंट दुसरी टीम वेगळ्या स्टेशनवरून घेते, आरटीके असेल तर थोड्या वेळाने रोव्हर (पोलवरचा उपग्रह-रिसीव्हर) नव्याने फिक्स करून. हे नव्या टीमला आधीच सांगितलेलं असतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

जाहिरात देण्याआधी एक काम करा. पहिल्या टीमची जी कामं परत आली, त्यांची फील्ड बुकं आणि मशीनचा डेटा समोर घेऊन बसा आणि चूक नेमकी कुठे झाली ते प्रत्येकावर लिहा. बहुतेक चुका स्टेशन सेटअपच्याच निघाल्या, तर चेक पॉइंटचं (आधीच माहीत असलेल्या एका पॉइंटचं) रीडिंग सेव्ह झाल्याशिवाय पहिला पॉइंट घ्यायचा नाही, आणि मशीन उचलण्याआधी तेच पुन्हा घ्यायचं, एवढा एक नियम घाला आणि महिनाभर बघा. तोवर दुसऱ्या टीमच्या पोलवाल्याला पहिलीत पाठवा. कदाचित तिसरी टीम भरायची वेळ इतक्यात येणारही नाही.