पाहुणा परदेशचा, फॉर्म यजमानाचा

लग्नसराई आणि नाताळची सुट्टी जवळ आली की वाचकांच्या पत्रांचा एकच सूर असतो: परदेशातली माणसं घरी येणार आहेत, काय काय लागेल? यंदाची काही निवडक पत्रं घेतो.

जावयाचे चार जर्मन मित्र लग्नाला येणार आहेत. एजंट म्हणतो, स्टॅम्पपेपरवर निमंत्रणपत्र करून नोटरी करावी लागेल. खरंच लागतं का? – सांगली

नाही. नातेवाइकांना, मित्रांना भेटायला येणं पर्यटक ई-व्हिसात (ऑनलाइन अर्ज करून मिळणाऱ्या व्हिसात) बसतं आणि त्यासाठी नोटरी केलेलं पत्र कोणी मागत नाही. कंपनीचं पत्र लागतं ते बिझनेस व्हिसाला. गोंधळ कुठून होतो ते कळतं. आपल्याकडचे आईवडील जर्मनीला निघाले की तिथला मुलगा सरकारी कचेरीत जाऊन त्यांच्या खर्चाचं हमीपत्र करून देतो. इकडेही तसंच असणार, असं आपण धरून चालतो.

तुमच्याकडून लागतं ते एवढंच: अर्जात भारतातल्या ओळखीच्या माणसाचं नाव, पत्ता आणि फोन विचारतात. तिथे तुमचा पूर्ण पत्ता पिनकोडसकट द्या आणि चालू नंबर द्या. 'मारुती मंदिराजवळ' लिहून भागत नाही. मित्रांना सांगा की पासपोर्टवरची सगळी नावं जशीच्या तशी भरायची. मधलं नाव नेहमी वापरत नाही म्हणून गाळायचं नाही. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने हवी आणि दोन पानं कोरी हवीत. तीस दिवसांच्या व्हिसाचा अर्ज येण्याच्या तारखेआधी ३० दिवसांच्या आतच करता येतो, एक किंवा पाच वर्षांच्या व्हिसाचा १२० दिवस आधीपासून. दोन्हींना किमान चार दिवस आधी ही शेवटची वेळ. साइटचा पत्ता 'गव्ह डॉट इन'नेच संपला पाहिजे. हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या खासगी साइट भरपूर आहेत, त्या दुप्पट-तिप्पट पैसे घेतात, आणि व्हिसा नाकारला गेला तर सरकारी फीसुद्धा परत मिळत नाही. शिवाय १ ऑक्टोबर २०२५ पासून येण्याआधीच्या ७२ तासांत ऑनलाइन ई-अरायव्हल कार्ड भरायचं असतं. ते फुकट आहे.

पाहुणे हॉटेलात नाही, आमच्या घरीच उतरणार. शेजारी म्हणतात पोलिसांना कळवा. घरच्या पाहुण्यालाही? – रत्नागिरी

शेजारी बरोबर सांगतायत. आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच गोष्टीकडे होतं. परदेशी नागरिक ज्याच्या छपराखाली उतरतो, त्याने २४ तासांच्या आत नोंद करायची, मग ते पंचतारांकित हॉटेल असो की तुमची माडी. १९४६ च्या जुन्या कायद्याच्या जागी सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला, तरी ही जबाबदारी सुटलेली नाही. पोलीस ठाण्यापासून लॉजच्या काउंटरपर्यंत सगळे याला 'सी-फॉर्म' म्हणतात. तुम्हीही तेच म्हणा, लगेच कळेल.

नोंद ऑनलाइन होते, पण आधी यजमान म्हणून तुमचं खातं उघडावं लागतं आणि ते वरून मंजूर व्हावं लागतं. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असतं. पाहुणा दारात उभा असताना खातं उघडायला बसलात तर २४ तास कुठे गेले ते कळणार नाही. म्हणून तो विमानात बसायच्या आधीच हे उरकून ठेवा. आला की चहा द्या आणि पासपोर्ट मागून घ्या. दोन फोटो काढा: एक माहितीच्या पानाचा, दुसरा इमिग्रेशनच्या शिक्क्याचा. भारतात आल्याची तारीख शिक्क्यावरच असते आणि फॉर्ममध्ये ती लागते. मध्येच दोन दिवस तो गणपतीपुळ्याला हॉटेलात राहिला तर तिथली नोंद हॉटेलवाला करेल.

पासपोर्ट मागायला लोकांना संकोच वाटतो. वाटू देऊ नका. युरोपातल्या कितीतरी हॉटेलांत आपलाही पासपोर्ट मागतातच.

भाऊ गेल्या वर्षी अमेरिकेचा नागरिक झाला. त्याच्या भारतीय पासपोर्टची मुदत अजून बाकी आहे. एकदा त्याच पासपोर्टवर आला तर? – नाशिक

अजिबात नको. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं त्या क्षणी १९५५ च्या कायद्याप्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं. मुदत बाकी असली तरी तो पासपोर्ट आता त्याचा नाही आणि त्यावर प्रवास करणं गुन्हा आहे. त्याने तिथल्या वकिलातीत पासपोर्ट सरेंडर करून दाखला घ्यावा आणि ओसीआय कार्डासाठी (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत सरकार देतं ते कार्ड) अर्ज करावा.

बर्मिंगहॅमच्या मित्राचा ई-व्हिसाचा अर्ज अडला. तो जन्माने ब्रिटिश, पण आजोबा कराचीचे पाकिस्तानी नागरिक होते. – पुणे

म्हणूनच अडला. आईवडील, आजी-आजोबा पाकिस्तानी नागरिक होते का, हे अर्जात स्पष्ट विचारतात. उत्तर 'हो' असेल तर ई-व्हिसा मिळत नाही, हातात ब्रिटिश पासपोर्ट असला तरी. त्याने उच्चायुक्तालयामार्फत साध्या व्हिसाचा अर्ज करावा. वेळ लागतो, तेव्हा लग्नाची तारीख धरून काही महिने आधी हालचाल हवी. 'नाही' लिहून बघू, हा सल्ला त्याला कोणी दिला असेल तर तो ऐकू नये. खोटी माहिती पुढच्या प्रत्येक अर्जात आडवी येते.

कॅनडाचा मित्र हरिश्चंद्रगड आणि कळसूबाईला येतोय. सामानात काही अडचण? – मुलुंड

ट्रेकर आहे म्हणून विचारा: गार्मिन इनरीचसारखं उपग्रहावर चालणारं उपकरण आणतोय का? तिकडे ते प्रत्येक डोंगरवाल्याच्या पिशवीत असतं. इकडे परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा असं उपकरण बाळगणं बेकायदा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर याच कारणाने परदेशी प्रवाशाला ताब्यात घेतलं होतं. ड्रोनही घरीच ठेवू दे, त्याची आयात २०२२ पासून बंद आहे.

मुलाची होणारी बायको व्हिएतनामची आहे. कोर्ट मॅरेज करायचंय. तीस दिवसांचा ई-व्हिसा पुरेल? – कोल्हापूर

गणित जुळत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली आधी नोटीस द्यावी लागते, मग हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. मुलगा कोल्हापुरात ३० दिवसांपासून राहतोय, तेवढं रहिवासाला पुरतं. पण तिचा व्हिसा नेमका तेव्हाच संपेल आणि तो वाढवून मिळत नाही. एक वर्षाचा घ्या. मग ती नोटिशीला येऊन परत जाऊ शकते. नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लागलं म्हणजे झालं, नाहीतर नवी नोटीस. अविवाहित असल्याचा दाखला तिच्या देशाच्या अधिकाऱ्यांकडून लागेल, तो तिथूनच घेऊन येऊ दे. आणि तुमच्या घरी उतरली तर सी-फॉर्म तिचाही, होणारी सून असली तरी.