पाय भरून आलेत, मालिश करू का?

या महिन्यात मसाजचेच प्रश्न इतके आले की बाकीचे सगळे पुढच्या अंकावर ढकललेत. त्यातले चार घेतलेत, उत्तरं थोडी लांबलीत पण हा विषय दोन ओळीत सांगून चालत नाही.

प्रश्न: मी सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळालो. यवतेश्वरचा घाट चढताना दम लागला पण उतरताना एकदम मस्त आलो, आणि दुसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून आल्या की जिना उतरताना कठडा धरावा लागला. ग्रुपमधले म्हणतात लगेच स्पोर्ट्स मसाज घेतला असतास तर लॅक्टिक ॲसिड निघून गेलं असतं. खरंय का? आणि मसाज रेसच्या आधी घ्यायचा की नंतर?
(एक वाचक, कराड)

उत्तर: लॅक्टिक ॲसिडचं आधी डोक्यातून काढून टाका. पळताना रक्तात लॅक्टेट, म्हणजे ज्याला सगळे लॅक्टिक ॲसिड म्हणतात तेच, वाढतं हे खरं, पण थांबल्यावर तासाभरात, फार तर दोन तासांत ते आपोआप खाली येतं, त्याला कोणी हात लावावा लागत नाही. तुमच्या मांड्या दुखल्या त्या उतारामुळे! उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकसारखा काम करतो, म्हणजे ताणला जात असतानाच जोर लावत असतो, आणि यवतेश्वरला तर अख्खा घाट उतरायचा असतो, त्यामुळे स्नायूच्या धाग्यांना बारीक बारीक इजा होते आणि मग सूज, ठणका. हा ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो, म्हणून रविवारी हसत मेडल घेतलेली माणसं सोमवारी जिना उलटा उतरताना दिसतात.

मग मसाजने होतं काय? 2012 साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात 11 तरुणांना पार दमेपर्यंत सायकल चालवायला लावली आणि मग फक्त एकाच पायाला 10 मिनिटं मसाज दिला, दुसरा पाय तसाच ठेवला. दोन्ही मांड्यांतून स्नायूचा अगदी छोटा तुकडा काढून तपासला तर मसाज केलेल्या पायात सूज वाढवणारे संकेत कमी होते आणि पेशीतली ऊर्जा-केंद्रं वाढवणारे संकेत जास्त होते. लॅक्टेटमध्ये मात्र काहीच फरक नव्हता. आणि 2020 मध्ये 29 अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा असं दिसलं की मसाजने वेग, ताकद, उडी, दमसास यातलं काही वाढत नाही, पण दुखणं थोडं कमी होतं आणि लवचिकपणा थोडा वाढतो. थोडाच, पण ज्याला मंगळवारी परत ऑफिसचे तीन मजले चढायचेत त्याला तो थोडा फरक खूप असतो असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय अर्धा-पाऊण तास फोन बाजूला ठेवून गप पडून राहणं, तेही शरीराला हवंच असतं.

आता कधी घ्यायचा. जोरात, खोलवर रगडून घ्यायचा असेल तर रेसच्या तीन-चार दिवस आधीच उरका, कारण त्यानंतर स्नायू एखाद दिवस हळवे राहतात. रेसच्या सकाळी फक्त हलका, भरभर, दहा मिनिटांचा, तोही सवय असेल तरच, नाहीतर वॉर्म-अप पुरे. रेस संपल्यावर लगेच टेबलवर आडवं होऊ नका, आधी चाला, पाणी प्या, काहीतरी खा, मग हलक्या हाताने चालेल. चक्कर, थंडी वाजून येणं किंवा मळमळ असेल तर मसाजच्या तंबूत नाही, सरळ मेडिकल तंबूत जायचं. आणि नंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर मसाजबिसाज विसरून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, तो स्नायूंची मोडतोड होऊन किडनीवर ताण आल्याचा इशारा असू शकतो.

चांगला मसाज करणारा कसा ओळखायचा तर त्याचे हात बघा. पोटरीवर तो टाचेकडून गुडघ्याकडे जातो, आधी तळहाताने सावकाश, स्नायू ऊबदार झाला की मग अंगठ्याने, आणि कुठेतरी दोरीसारखी ताठ पट्टी लागली की तिथे थांबतो, दाबून धरतो, तुमचा श्वास बघतो. तुम्ही श्वास रोखलात, दात आवळलेत की दाब जास्त झाला, त्याने कमी करायला हवा. दुखलं तरच लागू पडतं असं काही नसतं, दहापैकी सहाच्या वर दुखत असेल तर बिनधास्त सांगा, लाजू नका.

प्रश्न: माझा मुलगा अकरावीत आहे, कबड्डी खेळतो. परवा पकडीत समोरच्याचा गुडघा त्याच्या मांडीवर जोरात बसला. मांडी टणक झालीये, गुडघा पूर्ण वाकत नाही. सासूबाई रोज गरम तेलाने चोळून देतायत, म्हणतात साकळलेलं रक्त मोकळं होतं. तो ओरडतो पण त्या ऐकत नाहीत. चोळू द्यावं का?
(एक आई, इस्लामपूर)

उत्तर: नाही ताई, आजपासून बंद. आजींची माया मला कळते, आपल्याकडे लचक भरली, उसण भरली, मुका मार लागला की तेल गरम करणं हेच पहिलं सुचतं. पण मांडीला असा मुका मार बसतो तेव्हा आत स्नायूत रक्तस्राव झालेला असतो आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत तिथे चोळलं, शेकलं की तो वाढतो. यात अजून एक गोष्ट आहे जी फार घरांत माहीतच नसते, ती म्हणजे अशा जागी वारंवार चोळत राहिलं तर काही मुलांच्या स्नायूत चक्क हाड तयार व्हायला लागतं, काही आठवड्यांनी एक्स-रेमध्ये दिसतं, आणि मग खेळ महिनोन्महिने बंद. हे बरंचसं टाळता येण्यासारखं आहे म्हणून इतकं कळकळीने लिहितोय.

आत्ता काय करायचं: फडक्यात गुंडाळून बर्फ, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. क्रेप बँडेज, पण पाय मुंग्यावेल इतकं घट्ट नको. आराम करताना गुडघा जितका न दुखता वाकतोय तितका वाकवून ठेवायचा, मांडी आखडत नाही त्याने. मांडी तटतटून फुगत चालली, पाय बधिर पडला किंवा दुखणं सहनच होईना तर रात्र असली तरी हॉस्पिटलमध्ये न्या. एरवीही गुडघा वाकत नाहीये म्हटल्यावर या आठवड्यात ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवाच. मसाजची वेळ नंतर येते, बसल्या जागी दुखणं थांबलं, सूज उतरली की, आणि तेव्हाही फिजिओला विचारून, माराच्या जागेच्या आजूबाजूने हलक्या हाताने. आजींना तोवर पाठ, खांदे, दुसरा पाय करू द्या, पोराला तेही आवडेल.

प्रश्न: पोलीस भरतीची तयारी करतोय, 1600 मीटरसाठी रोज डांबरी रोडवर पळतो. महिनाभर नडगी दुखतेय. मित्राकडे मसाज गन (स्नायूवर भरभर ठोके देणारं हातातलं मशीन) आहे, ती नडगीवर रोज मारतो, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, जवळ आलंय, चालू ठेवू का?
(एक वाचक, बीड)

उत्तर: नडगीवर गन अजिबात लावू नकोस मित्रा. ती हाडासाठी नाहीच, भरदार स्नायूसाठी आहे, पोटरी, मांडी, कुल्ला, आणि तिथेही एका जागी मिनिट-दोन मिनिटं, सगळ्यात कमी स्पीडवर. मानेची पुढची बाजू, मणका, जखम, जिथे बधिरपणा आहे ती जागा, हे सगळं वर्ज्य.

आता एक कर, बोटाने नडगी वरून खालपर्यंत दाबत ये. आतल्या कडेने वीतभर पट्टा दुखत असेल तर बहुतेक हाडाला चिकटलेल्या स्नायूवरचा ताण आहे, पण एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागी कळ मारत असेल, त्या पायावर उडी मारता येत नसेल किंवा रात्री झोपल्यावरही ठणकत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते. ती असताना गन लावून, दुखणं झाकून पळत राहिलास तर पूर्ण फ्रॅक्चर होऊ शकतं, मग हे ग्राउंडही गेलं आणि पुढचंही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अशी चीर साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे नॉर्मल आला म्हणून लगेच पळायला लागू नकोस, डॉक्टरांना नीट सांग किती दिवस दुखतंय, कुठे दुखतंय. चीर नसली तरी रोजचं डांबर बंद कर, मातीच्या ग्राउंडवर जा, एक दिवसाआड पळ, बूट झिजलेत का बघ. पोटरी मात्र हाताने मोकळी करून घे, रोज पाच मिनिटं, स्वतःचं स्वतः करता येतं.

प्रश्न: पालखी पुण्यात मुक्कामाला असते तेव्हा आमचं मंडळ वारकऱ्यांचे पाय चेपून देण्याची सेवा करतं. सगळे हौशी, शिकलेलं कोणी नाही. काय काळजी घ्यावी?
(एक वाचक, पुणे)

उत्तर: हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. आळंदीपासून पंढरपूर म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या आसपास, चालणारे कित्येक जण साठी-सत्तरीचे, पायात साधी चप्पल, आणि पुण्यानंतर माऊलींच्या पालखीसमोर दिवे घाट उभा. यांच्याएवढी चाल तर आपल्यातले बरेच रनरही करत नाहीत, तेव्हा यांच्या पायांना तीच इज्जत द्यायची.

हात लावायच्या आधी विचारा, माऊली शुगर आहे का, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का. शुगरवाल्यांना तळव्याला संवेदना कमी असते, त्यांना तेल गरम लागलं, दाब जास्त झाला हे कळतच नाही, म्हणून तेल साधंच, गरम नको, आणि दाब हलका. गोळीवाल्यांना लगेच काळंनिळं होतं, तिथेही हात हलका. मग बॅटरी लावून पाय नीट बघा, बोटांमध्येसुद्धा. चिखल्या, फोड, भेगेतून रक्त असेल तर चोळायचं नाही, धुवून कोरडं करून शेजारच्या औषधाच्या स्टॉलवर पाठवा. निळ्या फुगलेल्या शिरांवर दाब नको. आणि एकच पोटरी सुजलेली, गरम, लाल, दाबली की दुखणारी दिसली तर थांबा, ती आत रक्ताची गाठ असू शकते, चोळलं तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अशा माणसाला चालतसुद्धा पाठवू नका, ॲम्ब्युलन्सवाल्यांना बोलवा.

बाकी अवघड काही नाही. घोट्याकडून वर, लांब लांब हात, एका पायाला पाच-सात मिनिटं, नखं कापलेली, प्रत्येक माणसानंतर हात धुतलेले, फडकं बदललेलं. गोळा आला असेल तर दाबत बसू नका, पंजा हळूच गुडघ्याकडे ओढून धरा, सुटतो. आणि उठायच्या आधी तळव्याचं तेल कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा, विशेषतः टाच आणि बोटांच्या खाली, पावसात ओल्या रस्त्यावर चपलेत पाय घसरून म्हातारं माणूस पडायला नको.